लॉ सीईटी झाली, आता कॉलेज कुठलं लागेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की सगळ्यांचा मेसेज सारखाच येतो, "सर मला इतके आहेत, मिळेल का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. हे मुख्यतः महाराष्ट्राच्या लॉ सीईटीबद्दल, म्हणजे लॉ कॉलेजच्या राज्य प्रवेश परीक्षेबद्दल आहे: डिग्रीनंतरची तीन वर्षांची एलएलबी आणि बारावीनंतरची पाच वर्षांची. क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं, थोडं मध्ये येईल.

मला अमुक इतके पर्सेंटाइल आहेत, लॉला नंबर लागेल का?

नुसता "लॉला" नंबर लागत नसतो हो. नंबर लागतो तो अमुक कॉलेजात, अमुक कॅटेगरीतून, अमुक राउंडला. ही तीन माहिती दिल्याशिवाय जो कोणी तुम्हाला "हो मिळेल, टेन्शन घेऊ नको" म्हणतोय तो बरं वाटावं म्हणून म्हणतोय किंवा त्याचा क्लास आहे. महाराष्ट्रात कुठेही चालेल, जिल्ह्याच्या ठिकाणचं नवीन कॉलेज पण चालेल असं असेल तर बऱ्यापैकी कमी स्कोअरवर पण प्रवेश होतात, विशेषतः शेवटच्या राउंडांना. पण पुणं किंवा मुंबईच पाहिजे, त्यातही दोन-तीन ठराविक नावंच पाहिजेत म्हटलं की गणित पार बदलतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केच ना?

नाही! हा घोळ घरच्यांचा जास्त होतो, "नव्वद पडले की पोरीला" म्हणून पेढे वाटून मोकळे. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमध्ये बसलेल्यांपैकी किती टक्के लोकं तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत. परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते, एखाद्या शिफ्टचा पेपर अवघड निघतो, म्हणून थेट मार्कांची तुलना न करता ही पद्धत.

आता याचा उपयोग असा करायचा. समजा ५० हजार जण बसलेत आणि तुम्हाला ९० आहेत, तर ढोबळमानाने तुमच्या पुढे ५ हजार जण उभे आहेत. ९५ असतील तर अडीच हजार, ९९ असतील तर पाचशे. म्हणजे वरच्या टोकाला एकेक पर्सेंटाइलमागे शेकड्याने माणसं असतात, तिथे ९८.२ आणि ९८.९ हा खूप मोठा फरक आहे. यूट्यूबवर "इतके मार्क म्हणजे इतके पर्सेंटाइल" असे तक्ते फिरतात त्यांच्यावर जीव टाकू नका, शिफ्टनुसार आणि वर्षानुसार ते हलतात. परत पेपर पण बदललाय, आधी १५० प्रश्न असायचे आता २ तासात १२० आहेत, त्यामुळे जुन्या मार्कांचे तक्ते तसेही बाद झाले.

मागच्या वर्षांचे कटऑफ कसे वाचायचे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आणि नेमका हाच कोणी नीट विचारत नाही.

सीईटी सेल (ही परीक्षा आणि प्रवेश बघणारं सरकारी कार्यालय) प्रत्येक कॅप राउंडनंतर, म्हणजे एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या प्रत्येक फेरीनंतर, कॉलेजनिहाय अलॉटमेंट आणि कटऑफच्या (शेवटी जागा मिळालेल्याचा आकडा) पीडीएफ टाकतं. त्या उघडा, मोबाईलवर नको, लॅपटॉप नाहीतर जवळच्या नेट कॅफेत बसून बघा कारण कॉलम खूप असतात. पहिलं बघायचं की आकडा मार्कांमध्ये आहे का पर्सेंटाइलमध्ये. ही सीईटी २०१६ ला सुरू झाली आणि सुरुवातीच्या वर्षांच्या याद्या १५० पैकी मार्कांच्या आहेत. एखाद्या जुन्या यादीत ९२ दिसले म्हणून "मला ९३ पर्सेंटाइल आहेत, झालं काम" असं समजणारे दरवर्षी भेटतात, ते ९२ म्हणजे १५० पैकी मार्क होते बाबांनो.

मग आपली कॅटेगरी आणि आपण महाराष्ट्रातले का बाहेरचे तो कॉलम. मग राउंड. पहिल्या राउंडचा कटऑफ आणि शेवटच्या राउंडचा कटऑफ दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहा, शक्यतो तीन वर्षांचे. आता तुमचा आकडा पहिल्या राउंडच्या कटऑफच्या वर असेल, तिन्ही वर्षी, तर ते कॉलेज तुम्ही बऱ्यापैकी आपलं समजू शकता. दोन्हींच्या मधे असेल तर वाट बघावी लागेल. शेवटच्या राउंडच्या पण खाली असेल आणि तेही तिन्ही वर्षी, तर ऑप्शन भरा जरूर, भरायला काही लागत नाही, पण घरी सांगून ठेवू नका.

आणि एक, छोट्या कॅटेगरींचे कटऑफ फार उड्या मारतात. ज्या कॅटेगरीला अख्ख्या कॉलेजात एक-दोनच जागा आहेत तिथे एका वर्षी एखादा हुशार पोरगा आला की आकडा वर, पुढच्या वर्षी एकदम खाली. एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) वाल्यांनी त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून ना खूश व्हायचं ना नाराज.

कॉलेजला ३०० जागा आहेत म्हणतात, मग मला का नाही मिळणार?

कारण त्या ३०० तुमच्यासाठी नाहीत. बार कौन्सिलच्या (वकिली आणि लॉचं शिक्षण यांच्यावर लक्ष ठेवणारी देशपातळीवरची संस्था) नियमाप्रमाणे एका तुकडीत जास्तीत जास्त ६० मुलं. एका तुकडीचंच बघू. एससी १३ टक्के, एसटी ७, विमुक्त-भटक्या सगळ्या गटांचे मिळून ११, ओबीसी १९, एसबीसी २ आणि २०२४ च्या कायद्यानंतर एसईबीसी (मराठा आरक्षण) १०. बेरीज ६२ टक्के झाली. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) वेगळं, दिव्यांग, अनाथ, संरक्षण दलातल्यांची मुलं यांच्या जागा वेगळ्या, राज्याबाहेरच्यांचा हिस्सा वेगळा. म्हणजे खुल्या गटात ६० पैकी वीसेक जागा आल्या तरी खूप, आणि त्या सुद्धा फक्त "ओपनवाल्यांच्या" नाहीत, ज्याचं मेरिट वर आहे तो कुठल्याही कॅटेगरीचा असला तरी आधी तिथेच बसतो. (यावर खाली भांडू नका प्लीज, नियम काय आहे ते सांगतोय.)

जागा पटापट वाढतील या आशेवर पण राहू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवीन लॉ कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातलीय, आणि आहे त्या कॉलेजांना नवीन तुकडी काढायची तरी आधी त्यांची परवानगी लागते.

मायनॉरिटी कॉलेजांचं काय वेगळं असतं?

तिथे जातनिहाय आरक्षण नसतं, मोठा हिस्सा त्या भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक समाजासाठी असतो. मुंबईत अशी बरीच आहेत. तुम्ही त्या समाजाचे असाल तर तुमचे चान्सेस एकदम वाढतात आणि नसाल तर उरलेल्या जागांत मेरिटवर. कॅटेगरीच्या मुलांनी ही कॉलेजं भरताना आपला आकडा तिथल्या ओपनच्या कटऑफशी ताडून बघायचा.

जीएलसी किंवा आयएलएस मिळेल का?

मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं, आशियातलं सगळ्यात जुनं लॉ कॉलेज म्हणतात, चर्चगेटला, हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर, फी सरकारी म्हणजे नावाला. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, ज्याच्यावरून लॉ कॉलेज रोड हे नाव पडलं ते. या दोन्हींचं नाव राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये पहिल्या पाचात असतं. ओपनमध्ये ९८-९९ च्या खाली असाल तर जीएलसीवर अवलंबून बाकीचं आयुष्य थांबवू नका, एवढंच म्हणेन. भरा, एक नंबरला भरा, पण खाली भरपूर पर्याय ठेवा.

आणि खरं सांगू का, ठाणे, नाशिक, कोल्हापूरचं शहाजी, छत्रपती संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, नागपूरचं डॉ. आंबेडकर लॉ कॉलेज ही पण जुनी, चांगलं नाव असलेली कॉलेजं आहेत. ज्याला तालुका-जिल्हा कोर्टातच प्रॅक्टिस करायचीय त्याने पुण्यात खोली भाडं भरून तीन वर्षं काढण्यापेक्षा जिथल्या बारमध्ये उभं राहायचंय तिथल्या सिनिअरकडे शिकत शिकत डिग्री केली तर बिघडत नाही. कॉर्पोरेट फर्म, मोठ्या इंटर्नशिप वगैरे डोक्यात असेल तर मात्र मुंबई-पुण्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही.

डिग्रीला ४८ टक्केच आहेत, त्याने चान्स कमी होतो का?

नाही. डिग्रीचे किंवा बारावीचे टक्के फक्त दारात उभं राहण्यापुरते. ओपनला ४५, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ४२, एससी-एसटीला ४०. तेवढे असले की पुढे मेरिट सीईटीच्या स्कोअरवर लागतं. दोघांचा स्कोअर अगदी सारखा आला तरच बाकीचे मार्क वगैरे बघतात.

काका-मामा लोकं जे सांगतात ना, "आमच्या वेळी बी.कॉम.ला पंचावन्न होते, फॉर्म भरला, मिळालं", ते खरंय, तेव्हा टक्क्यांवरच मिळायचं. पण आता ते चित्र राहिलेलं नाही. उलट ज्याला डिग्रीला ८० आहेत त्याने पण निवांत राहू नये.

माझं वय ४१ आहे, चालेल?

चालेल. वयाची वरची अट नाही. तुमच्या वर्गात रिटायर झालेले पोलीस, बँकवाले, एखादे तहसीलदार साहेब पण असतील.

मुक्त विद्यापीठाची डिग्री आहे, धरतात का?

इथे नीट वाचा. दहावी, मग बारावी, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांची पदवी, असं क्रमाने असेल तर काही अडचण नाही. बारावी बाहेरून फॉर्म भरून केली असेल तरी चालते. अडचण कुणाची होते, तर ज्यांनी बारावी न करता तयारीचा छोटा कोर्स करून थेट मुक्त विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश घेतला त्यांची. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत हे स्पष्ट नाकारलंय. पर्सेंटाइल ९९ असले तरी कागद तपासणीत अडकता आणि समजा कॉलेजने घेतलं तरी सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या वेळी अडकता. म्हणून अशांनी सीईटीची तयारी करण्याआधी हा विषय मिटवा.

कॅटेगरीचे कागद थोडे कमी आहेत, नंतर देऊ ना?

याच्यावरच सगळ्यात जास्त ॲडमिशनं जातात, कमी मार्कांनी नाही जात तेवढी.

उदाहरण घ्या. साताऱ्याकडची ओबीसी मुलगी, ८६ पर्सेंटाइल, पुण्यातल्या एका चांगल्या कॉलेजचा ओबीसीचा शेवटच्या राउंडचा कटऑफ ८३ च्या आसपास, म्हणजे काम व्हायला पाहिजे. फॉर्म भरताना तिने नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) अपलोड केलं, त्यावर शेवटची ओळ बारीक अक्षरात: "३१ मार्च २०२५ पर्यंत वैध". प्रवेश कुठल्या वर्षाचा, तर २०२५-२६. लागतं काय, तर ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं. स्क्रूटिनीवाल्याने फॉर्म परत पाठवला, तिने मेसेज बघितला नाही, मुदत संपली, आणि ओबीसीचा फॉर्म ओपनमध्ये गेला. ओपनचा कटऑफ ९२. आता ८६ ला काय करणार. तेव्हा नॉन-क्रिमीलेअरची तारीख आत्ता उठून बघा, खरंच उठून बघा, हे वाचणं नंतर झालं तरी चालेल.

जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी हे दुसरं. नुसता जातीचा दाखला पुरत नाही. व्हॅलिडिटी निघायला वेळ लागतो, समितीकडे अर्ज केल्याची पावती किती चालते आणि कधीपर्यंत मूळ प्रमाणपत्र द्यायचं हे त्या त्या वर्षीच्या नोटीसमध्ये येतं, शासन कधी मुदत वाढवतं कधी नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनी राज्याच्या नमुन्यातला दाखला काढा, केंद्राच्या नमुन्यातला हातात असतो आणि मग धावपळ होते. मोबाईल नंबर पण बाबांचा नाही तर स्वतःचा द्या, मेसेज त्याच्यावर येतात.

ऑप्शन फॉर्ममध्ये वर मोठी कॉलेजं टाकली तर खालचं पण हातचं जाईल का?

नाही जात. सिस्टीम तुमचा मेरिट नंबर आला की तुमची पहिली पसंती बघते, तिथे जागा नाही तर दुसरी, तिसरी, असं खाली येते. पाचव्या नंबरला टाकलेलं कॉलेज तुम्हाला मिळणार असेल तर वर चार अशक्य नावं लिहिल्याने ते हुकत नाही. उलटं मात्र नुकसान होतं: "हे नक्की मिळेल" म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकलं तर तेच गळ्यात पडतं. क्रम आवडीचा लावा, चान्सचा नाही. चान्सचा विचार फक्त यादी किती लांब करायची ते ठरवायला.

आणि जिथे खरंच जाणार नाही ते भरूच नका. गडचिरोलीचं कॉलेज भरलं, लागलं, मग "पण मला जायचं नव्हतं" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं. अलॉट झालं की घ्यायचं का पुढच्या राउंडला थांबायचं, थांबलं तर हातातलं राहतं का जातं, हा बेटरमेंटचा नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचायचा, मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून नाही.

पहिल्या राउंडला नाही मिळालं, वाट बघू का?

बघा. लॉची प्रक्रिया महाराष्ट्रात लांबते हे उघड गुपित आहे, उन्हाळ्यात परीक्षा आणि कॉलेजला बसायला कधी कधी गणपती जाऊन दसरा उजाडतो. या काळात बरेच जण गळतात, कुणी क्लॅटमधून दुसरीकडे, कुणी एमबीएला, कुणी एमपीएससीच्या तयारीला पुण्यात सदाशिव पेठेत, कुणाला नोकरी लागते. तीन वर्षांच्या कोर्सला तर "बघू देऊन" म्हणून परीक्षा देणारे खूप. त्यामुळे मधल्या कॉलेजांचे कटऑफ शेवटच्या राउंडांना चांगलेच खाली येतात. अगदी वरच्या कॉलेजांचे तेवढे नाही येत, तिथलं मिळालेलं सहसा कोणी सोडत नाही.

अजून एक, काही कॉलेजांची बार कौन्सिलची मान्यता रखडलेली असते, ती सुरुवातीच्या यादीत दिसत नाहीत आणि नंतरच्या राउंडला येतात. प्रत्येक राउंडला यादी नव्याने बघायची.

संस्था पातळीवर पैसे भरून होईल का?

विनाअनुदानित कॉलेजात संस्थास्तरावरच्या जागा असतात, कायदेशीर आहेत, पण तिथे पण सीईटी दिलेली लागते आणि मेरिटनेच भरायच्या असतात. "अमुक लाख द्या, सीट पक्की, पावती नंतर" असं कोणी फोनवर म्हणालं की फोन ठेवा. शिवाय स्कॉलरशिपचा विचार करा. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण ही माफी कॅपमधून आलेल्यांना, संस्थेच्या कोट्यातून गेलात तर नाही. त्यामुळे जरा कमी नावाचं कॉलेज कॅपमधून मिळत असेल तर कॅलक्युलेटर घेऊन बसा.

एमएनएलयू मुंबई सीईटीतून मिळतं का?

नाही नाही नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे (एमएनएलयू) पाच वर्षांचे प्रवेश क्लॅटमधून. ती परीक्षा डिसेंबरात, तिथे पण १२० प्रश्न, पण चुकीला पाव मार्क कापतात, उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. महाराष्ट्राच्या अधिवासावर तिथे राखीव जागा आहेत, तेव्हा फॉर्ममध्ये डोमिसाइलचा रकाना सोडू नका. सिंबायोसिसची परत वेगळी परीक्षा, स्लॅट. बारावीच्या पोरांनी क्लॅट आणि सीईटी दोन्ही द्यावी, अभ्यास बराचसा सारखा आहे.

आम्ही बेळगावचे, महाराष्ट्रातले धरतात का?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत वेगळा प्रकार आहे, तो निवडा आणि त्याचे दाखले आधी काढा. गोव्यातली मराठी मुलं मात्र बाहेरच्या राज्याच्या कॉलममध्ये येतात, त्यांनी तो कटऑफ बघायचा. गोव्यात मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे ही दोन कॉलेजं घराजवळ आहेतच.

मराठी मीडियमचा आहे, माझा चान्स कमी का?

पेपर मराठीत पण असतो, इंग्रजीचा भाग सोडून. तेवढ्या भागाने मार खाल्ला जातो हे खरंय, पण निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, आणि जीके-चालू घडामोडीत एमपीएससीचा थोडाफार अभ्यास केलेली गावाकडची पोरं इंग्रजी मीडियमवाल्यांच्या पुढे जातात.

यावर्षी कमी आले, परत देऊ का आहे ते घेऊ?

तीन वर्षांवाल्यांना माझं मत, आहे ते घ्या, जोपर्यंत ते कॉलेज अगदीच हजेरीपुरतं नसेल. एक वर्ष म्हणजे एक वर्ष आधी सनद. पाच वर्षांवाले, वय सतरा-अठरा, क्लॅट थोडक्यात हुकली असेल आणि घरून दम असेल तर एक वर्ष थांबायला हरकत नाही. पण थांबायच्या आधी मॉक टेस्टचे आकडे काढा, वेळ लावून दिलेल्या शेवटच्या चार-पाच. मॉकला छान आणि परीक्षेत पडलं तर रिपीटला अर्थ आहे. मॉकला पण तेवढेच येत होते तर आधी काय बदलणार ते सांगा.

नोकरी करत करत लॉ होतं का?

प्रवेशाच्या चान्सला नोकरीने फरक पडत नाही. नंतर पडतो. नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि नोकरीबद्दल विद्यार्थ्यांकडून लेखी माहिती घ्यायला सांगितलं होतं. सकाळच्या वेळचं कॉलेज बघा, ऑफिसची परवानगी लेखी घ्या. मेट्रोने वीस मिनिटांवरचं ऐंशी पर्सेंटाइलचं कॉलेज हे लोकलने दीड तासावरच्या नव्वदच्या कॉलेजपेक्षा तुमच्यासाठी चांगलं असू शकतं.

माझ्यावर एक जुनी केस आहे, प्रवेश मिळेल?

बार कौन्सिलच्या त्याच सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात गुन्हा नोंद असेल तर जाहीर करायला सांगितलं होतं. नुसती केस आहे म्हणून सीईटीचं मेरिट कमी होत नाही, पण लपवलंत आणि नंतर निघालं तर निकाल आणि डिग्रीसुद्धा अडकू शकते. एफआयआरची आणि आत्ताच्या स्थितीची कॉपी काढून एखाद्या वकिलाला दाखवा आणि खरं तेच लिहा.

माझे आकडे बघून सांगाल का?

सांगतो, पण कोर्स, कॅटेगरी, महाराष्ट्रातले का बाहेरचे, पर्सेंटाइल, स्टेट मेरिट नंबर आणि तुम्हाला हवी असलेली कॉलेजं क्रमाने, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा. नॉन-क्रिमीलेअरची तारीख पण लिहा.